रक्तातला बिऱ्हाडकरू

दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर, एक लहानसा तपकिरी सरडा राहतो. बहुतेक सरडे अंडी घालतात. इथली मादी मात्र पिल्ले पोटातच वाढवते आणि उन्हाळ्यात त्यांना जन्म देते. १९९० नंतर काही जीवशास्त्रज्ञांनी अशा गाभण माद्या पकडल्या, पिल्ले होईपर्यंत सांभाळल्या आणि प्रत्येक आईला परजीवींनी किती ग्रासले आहे याची नोंद ठेवली. मग पिल्लांना पळवून त्यांचा वेग मोजला आणि त्यांना पुन्हा डोंगरावर सोडून दिले. पुढे जे दिसले ते विचारात पाडणारे होते. ज्या आयांवर परजीवींचा भार जास्त होता त्यांच्या मुली जास्त वेगाने पळत होत्या, आणि तरीही जन्मस्थान सोडून दूर जाण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. आजार आईचा, पण त्याची खूण लेकीच्या चालीवर उमटली होती.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. असे जीव केवळ आतड्यात किंवा कातडीवर नव्हे, तर थेट रक्ताच्या पेशीत घुसून राहू शकतात, हे आज शाळेतल्या पुस्तकात असते. १८८० साली ते कोणाला पटत नव्हते. ते पहिल्यांदा नीट पाहिले एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने. माणसाच्या रक्तात ते पाहून झाल्यावर हाच माणूस पुढे साप, कासवे आणि सरडे यांच्या रक्ताकडे वळला. त्यांचे नाव शार्ल लुई आल्फाँस लाव्हराँ.

वडिलांच्या वाटेवर

लाव्हराँ यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लष्करात डॉक्टर होते. त्यांची बदली अल्जीरियात झाली तेव्हा आल्फाँस अगदी लहान होते, त्यामुळे बालपणातली काही वर्षे त्यांनी उत्तर आफ्रिकेच्या उन्हात काढली. हा देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि तिथल्या फ्रेंच फौजेला शत्रूच्या गोळीइतकीच तापाची भीती होती. पुढे वडील पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी वैद्यकीय शाळेत प्राध्यापक झाले.

मुलाने तोच मार्ग धरला. स्ट्रासबुर्गच्या लष्करी वैद्यकीय शाळेत शिक्षण घेऊन १८६७ मध्ये त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला. विषय होता तुटलेल्या मज्जातंतूंची पुन्हा होणारी वाढ. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पंचविशीतला हा डॉक्टर जखमींच्या गाड्यांबरोबर रणांगणावर गेला. मेट्झ शहराला वेढा पडला तेव्हा तेही आत अडकले होते. १८७४ मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन त्यांनी व्हाल-द-ग्रासमधले लष्करी रोग आणि साथी या विषयाचे प्राध्यापकपद मिळवले. पूर्वी तेच पद वडिलांकडे होते.

ही नेमणूक ठरावीक मुदतीची होती. १८७८ मध्ये मुदत संपली आणि त्यांना अल्जीरियातल्या बोन या बंदरावर धाडण्यात आले. लहानपणी पाहिलेला देश त्यांना आता वेगळ्या रूपात दिसला. रुग्णालयाच्या खाटा हिवतापाच्या रोग्यांनी भरलेल्या होत्या. थंडी वाजून हुडहुडी, मग अंग भाजून काढणारा ताप, मग घामाच्या धारा, एक-दोन दिवस उसंत, आणि पुन्हा तेच चक्र. कोयनेल दिले की अनेकांचा ताप उतरे. पण औषध नेमके कशावर चालते हे कोणाला ठाऊक नव्हते.

काळा रंग कशाचा?

त्या काळी हिवताप दलदलीच्या वाईट हवेतून येतो असे मानले जाई. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही वाईट हवा असाच आहे. जंतुशास्त्राची लाट नुकतीच आली होती आणि प्रत्येक रोगामागे एखादा जिवाणू शोधला जात होता. १८७९ मध्ये क्लेब्स आणि तोमासी-क्रुदेली या दोघांनी रोमजवळच्या दलदलीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला आणि हाच हिवतापाचे कारण असल्याचे जाहीर केले. अनेकांना ते पटले.

लाव्हराँ यांनी माती, पाणी आणि हवा सोडून दिली आणि रोग्याकडे पाहिले. हिवतापाने मेलेल्या माणसांच्या पाणथरीत, यकृतात आणि मेंदूत एक काळपट रंगद्रव्य साठलेले आढळते, हे काही दशकांपासून माहीत होते. हे रंगद्रव्य केवळ हिवतापातच दिसते की इतर रोगांतही, आणि ते येते कुठून, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. त्यासाठी मृतदेहांबरोबरच जिवंत रोग्यांचे ताजे रक्तही ते तपासू लागले. रक्ताला रंग देऊन पेशी उठून दिसाव्यात अशी सोय त्यांच्याकडे नव्हती. काचेवर एक थेंब, वर पातळ काच, आणि साधारण चारशे पट मोठे दाखवणारे सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर काम चालले होते.

थेंबात त्यांना काळ्या कणांनी भरलेले गोल आणि चंद्रकोरीसारखे आकार दिसत. ते काय आहेत हे ठरत नव्हते. मेलेल्या पेशींचा चुरा असू शकेल, असेही वाटण्याजोगे होते.

६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटाइन शहरातल्या लष्करी रुग्णालयात ते एका तापकरी सैनिकाचे रक्त पाहत होते. अचानक एका गोलाच्या कडेला बारीक, लांब धागे हलताना दिसले. ते इतक्या जोराने वळवळत होते की शेजारच्या तांबड्या पेशी ढकलल्या जात होत्या. मेलेला चुरा असा हलत नाही. काचेवर जे होते ते जिवंत होते.

ही हालचाल त्यांना का दिसली, याचे उत्तर पुढे अनेक वर्षांनी मिळाले. हिवतापाच्या परजीवीचे नर रूप माणसाच्या रक्तात शांत असते. डासाने ते रक्त शोषले की डासाच्या पोटात काही मिनिटांतच ते धाग्यांसारख्या शुक्रपेशी बाहेर टाकते. रक्त शरीराबाहेर काढून थंड होऊ दिले तरी तेच घडते. वाळवलेल्या किंवा रसायनाने मारलेल्या रक्तात हे कधीच दिसले नसते. ताज्या थेंबापाशी धीर धरून बसण्याची सवय लाव्हराँ यांच्या कामी आली.

सतरा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्यांची टिपणी वाचली गेली. त्यानंतर त्यांनी १९२ रोग्यांचे रक्त तपासले आणि १४८ जणांत हे जीव आढळले. कोयनेल दिल्यावर ते रक्तातून नाहीसे होतात, हेही त्यांनी पाहिले. पेशीतला काळा रंग म्हणजे परजीवीने तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन मागे टाकलेला गाळ होता.

अविश्वासाची वर्षे

वैद्यकीय जगाने या शोधाकडे फारसे लक्ष दिले नाही. सर्वांचे डोळे जिवाणूकडे लागले होते आणि हा तर एकपेशीय प्राणी निघाला. शिवाय तो सांगत होता एक लष्करी डॉक्टर, तोही आफ्रिकेतल्या एका आडगावच्या रुग्णालयातून. १८८२ मध्ये लाव्हराँ स्वतः रोमला गेले. तिथल्या रोग्यांच्या रक्तातही त्यांना तेच जीव सापडले, म्हणजे हा काही अल्जीरियापुरता प्रकार नव्हता. इटलीतले नावाजलेले संशोधक मार्कियाफावा आणि चेल्ली यांना मात्र या केवळ झिजलेल्या तांबड्या पेशी आहेत असे वाटले.

१८८४ मध्ये व्हाल-द-ग्रासमध्ये लाव्हराँ यांनी हे वळवळते धागे लुई पाश्चर यांना दाखवले. पाश्चर यांची खात्री पटली. पुढच्या दोन वर्षांत इटालियन संशोधकही बाजूला आले. गोल्जी यांनी तर तापाची पाळी आणि परजीवीच्या विभाजनाची वेळ एकच असल्याचे दाखवले. अमेरिकेत ऑस्लर यांची शंका फिटली.

या शोधाची एक साक्ष मुंबईतही मिळाली. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव शरीररचनेच्या सुप्रसिद्ध ग्रेज अ‍ॅनाटमी या ग्रंथाचे चित्रकार म्हणून जगाला माहीत आहे. पण त्यांची बहुतेक कारकीर्द मुंबई इलाख्यात गेली. काही वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते आणि पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, १८८७ मध्ये, त्यांनी मुंबईतल्या तापकऱ्यांच्या रक्तात लाव्हराँ यांनी सांगितलेले जीव पाहिले आणि त्यांची नोंद केली. भारतात हिवतापाचा परजीवी पाहणाऱ्यांत ते सर्वांत पहिल्यांपैकी होते. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी शोधला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

डासाचा संशयही लाव्हराँ यांना लवकरच आला होता. १८८४ मधल्या आपल्या ग्रंथातच त्यांनी डास या रोगाचा वाहक असू शकेल असे सुचवले होते.

साप, कासवे आणि सरडे

याच सुमारास दूर युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरात वासिली दानिलेव्स्की नावाचे शास्त्रज्ञ पक्ष्यांचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त तपासत होते. कासवाच्या आणि सरड्याच्या तांबड्या पेशींत त्यांना लांबट, अळीसारखे परजीवी दिसले. त्यांतल्या एका प्रकाराला त्यांनी हिमोग्रेगरिन हे नाव दिले. पक्ष्यांमध्ये तर माणसाच्या हिवतापाशी अगदी जवळचे नाते सांगणारे परजीवी निघाले. म्हणजे रक्तातला हा बिऱ्हाडकरू केवळ माणसाचा शत्रू नव्हता. पृथ्वीवरच्या कितीतरी प्राण्यांच्या रक्तात त्याचे नातेवाईक वस्तीला होते.

लाव्हराँ यांच्या दृष्टीने या माहितीला फार महत्त्व होते. माणसावर प्रयोग करता येत नाहीत. पक्षी, साप, सरडे यांच्यातला परजीवी समजला, तर माणसातल्या परजीवीचे आयुष्यही उलगडेल असा हिशेब होता. तो खराही ठरला. रॉस यांनी डासाचे संपूर्ण चक्र १८९८ मध्ये कलकत्त्यात सिद्ध केले ते पक्ष्यांच्या हिवतापावरूनच.

पण लष्कराला या कामाची किंमत नव्हती. १८९४ मध्ये व्हाल-द-ग्रासमधली त्यांची दुसरी मुदत संपली आणि त्यांना आधी लिल आणि मग नान्त इथे प्रशासकीय पदांवर पाठवले गेले. तिथे प्रयोगशाळा नव्हती आणि हिवतापाचे रोगीही नव्हते. पन्नाशी उलटलेल्या या माणसाने मग लष्करी नोकरी सोडली आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पगाराशिवाय काम पत्करले. १८८५ मध्ये त्यांचे सोफी मारी पिदांसे यांच्याशी लग्न झाले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. पुढचे सारे आयुष्य प्रयोगशाळेतच गेले.

इथली पंचवीस वर्षे फार भरीव ठरली. निद्रारोगाला आणि जनावरांच्या अनेक रोगांना कारण असलेल्या ट्रिपॅनोसोम या परजीवींवर त्यांनी फेलिक्स मेनिल यांच्यासह मोठा ग्रंथ लिहिला, तो १९०४ मध्ये निघाला. मद्रासहून चार्ल्स डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रोग्यांचे नमुने पाठवले, तेही लाव्हराँ आणि मेनिल यांनी तपासले. आणि या सगळ्याबरोबर साप, कासवे, सरडे यांच्या रक्तातल्या हिमोग्रेगरिनांची वर्णने एकामागून एक प्रसिद्ध होत राहिली.

पाश्चर इन्स्टिट्यूटमधले त्यांचे एक सहकारी पॉल-लुई सिमाँ प्लेगच्या साथीत हिंदुस्थानात आले होते. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे त्यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्याच मुक्कामात त्यांनी इथल्या गोड्या पाण्यातल्या मऊ पाठीच्या कासवाचे रक्तही तपासले आणि त्यातल्या एका परजीवीचे वर्णन १९०१ मध्ये केले. हिवतापाच्या परजीवीशी नाते सांगणाऱ्या या जीवाचे नाव त्यांनी शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांच्यावरून ठेवले.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त पाहताना एक अडचण असते. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. सरड्याच्या किंवा सापाच्या पेशीत ते असते. त्यामुळे पेशीतला गडद ठिपका परजीवीचा की पेशीचा स्वतःचा, हे ओळखायला सरावलेली नजर लागते. हिमोग्रेगरिन बहुधा पेशीच्या केंद्रकाला एका बाजूला ढकलून स्वतः आडवा पसरतो. हिवतापाच्या परजीवीसारखा काळा गाळही तो मागे ठेवत नाही. अशा खुणा हेरून त्यांच्या जाती वेगळ्या करण्यात लाव्हराँ यांच्या पिढीचे आयुष्य गेले.

आईकडून मुलाकडे

त्या काळातल्या कामाचा भर ओळख, वर्णन आणि नाव यांवर होता. एका प्राण्याचा एक थेंब, त्यात दिसलेला एक जीव. तो प्राणी मादी असेल तर तिच्या पोटातल्या अंड्यांचे काय होते, हा प्रश्न अजून पुढचा होता. पण आई आणि परजीवी यांचा संबंध दुसऱ्या बाजूने समोर येत होता, तोही वाहक जिवांमध्ये.

अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांच्या टेक्सास तापाचा उलगडा केला. रक्त प्यालेली गोचीड जमिनीवर पडते, अंडी घालते आणि मरते. मग दुसऱ्या जनावराला रोग होतो कसा? त्याचे उत्तर असे निघाले, की परजीवी गोचिडीच्या अंड्यांतून तिच्या पिल्लांत जातो आणि ती पिल्ले नव्या जनावराला चावतात. रोग आईकडून वारशाने जात होता.

सरड्यांच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. त्यांच्या कातडीवर गोचिडीच्या जातकुळीतले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट नावाचे जीव चिकटलेले असतात. जर्मन शास्त्रज्ञ रायखेनोव यांनी दाखवले, की सरड्याच्या एका हिमोग्रेगरिनाचे अर्धे आयुष्य या माइटच्या शरीरात जाते. मादी माइटच्या अंड्यांतून तो तिच्या पिल्लांत उतरतो, ती पिल्ले त्याला विष्ठेतून बाहेर टाकतात आणि ते अन्नाबरोबर पोटात गेले की सरड्याला लागण होते. सरड्याच्या अंगावरचा माइट आणि सरड्याच्या रक्तातला परजीवी असे एकाच साखळीत बांधलेले आहेत.

खुद्द सरड्याच्या आईचा हिशेब मांडला गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅलिफोर्नियात कुंपणांवर ऊन खात बसणाऱ्या एका सरड्याला हिवताप होतो. तिथे तो डासांऐवजी वाळूमाशीतून पसरतो. जोस शॅल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने या सरड्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. लागण झालेल्या सरड्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी भरले आणि पळताना त्यांना दम लवकर लागला. याचा माद्यांवर होणारा परिणाम अधिक खोल होता. या माद्या उन्हाळ्यात खाऊन शरीरात चरबी साठवतात आणि पुढच्या वसंतात तीच चरबी अंड्यातल्या बलकासाठी वापरतात. आजारी मादीकडे ही शिल्लकच कमी पडते. परिणामी ती निरोगी मादीपेक्षा सरासरी एक ते दोन अंडी कमी घालते. तिच्याकडे पाहून आजार ओळखता येणार नाही. ती उन्हात बसते, किडे खाते, नराशी जुगते. तोटा दिसतो तो फक्त घरट्यात मोजल्यावर.

लोझेरच्या सरड्यांवरचे काम त्यापुढची पायरी होती. गाब्रिएले सोर्ची, जाँ क्लोबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांची केवळ संख्या न पाहता ती कशी घडतात हे पाहिले. या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला निष्कर्ष त्यांचाच. इथे पिल्ले आईच्या पोटात वाढतात, म्हणून तिला काय खायला मिळाले, तिच्या रक्तात किती प्राणवायू होता, तिच्या शरीरात ताणाची कोणती संप्रेरके फिरत होती, या सगळ्याचा हिशेब पिल्लाच्या बांधणीत उतरतो. आईच्या आजाराचा परिणाम म्हणजे दरवेळी कमजोर पिल्लूच असे मात्र नाही. कधी पिल्लाचा स्वभाव बदलतो, कधी वेग, कधी दूर जाण्याची ओढ. याच जातीवरच्या पुढच्या अभ्यासांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. रक्तात हिमोग्रेगरिन असलेल्या सरड्याची तुटलेली शेपटी सावकाश वाढते. आणि राहणीमान बिघडून ताण वाढला की रक्तातले परजीवीही वाढतात. म्हणजे जंगल किंवा माळ खराब झाला, तर त्याची किंमत आईपाशी थांबत नाही.

माणसाच्या घरात

हे सरड्याचे झाले. पण ज्या रोगापासून लाव्हराँ यांनी सुरुवात केली त्या माणसाच्या हिवतापातही आई आणि बाळ यांच्यामध्ये परजीवी अडसर होऊन बसतो. मेंदूज्वरासारखी गुंतागुंत घडवणारा फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार. त्याची लागण झालेल्या तांबड्या पेशी गर्भवतीच्या वारेत जाऊन चिकटतात. वार म्हणजे बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारा अवयव. तो पहिल्या गरोदरपणात शरीराला नवा असतो आणि तिथे चिकटणाऱ्या परजीवीची ओळखही प्रतिकारशक्तीला नसते. म्हणून जिथे हिवताप कायम वस्तीला असतो तिथे पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचे जन्मते, कधी दिवस भरण्याआधीच जन्मते. विशेष म्हणजे पूर्वी अनेकदा हिवताप होऊन गेलेल्या बाईला तापही नसेल आणि बोटातून काढलेल्या रक्तात परजीवी दिसणारही नाहीत, तरी वारेत ते असू शकतात. सरड्याच्या मादीसारखेच इथेही वरून काही कळत नाही.

म्हणूनच गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या पट्ट्यात गर्भवतीने औषध मारलेल्या मच्छरदाणीत झोपणे, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उरलेल्या गोळ्या न घेणे याला इतके महत्त्व आहे. गरोदरपणात हिवतापाची सगळीच औषधे चालत नाहीत. कोणते औषध कोणत्या महिन्यात द्यायचे हे डॉक्टरच ठरवू शकतात.

शेवटचा थेंब

१९०७ मध्ये लाव्हराँ यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रोगांमध्ये एकपेशीय प्राण्यांचा वाटा दाखवून दिल्याबद्दल हा गौरव होता. मिळालेल्या रकमेपैकी निम्मी त्यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उष्ण प्रदेशातल्या रोगांची प्रयोगशाळा उभी करायला दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी अशाच रोगांच्या अभ्यासकांची एक संस्था स्थापली आणि बारा वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. ज्या माणसाला सरकारने प्रयोगशाळेविना ठेवले होते, त्याने आपल्या पैशातून इतरांसाठी प्रयोगशाळा बांधली.

वागण्यात ते मितभाषी आणि काटेकोर होते. सभासमारंभांपेक्षा सूक्ष्मदर्शकाजवळ ते अधिक रमत. १८ मे १९२२ रोजी, सत्त्याहत्तरावा वाढदिवस एक महिन्यावर असताना, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी नावे दिलेल्या परजीवींपैकी कित्येकांची नावे आज बदलली आहेत. खुद्द हिवतापाच्या परजीवीला त्यांनी दिलेले नावही टिकले नाही. टिकली ती पाहण्याची रीत: प्राणी जिवंत असताना, रक्त ताजे असताना, आधी ठरवलेले उत्तर बाजूला ठेवून पाहणे. लोझेरच्या डोंगरावर सरड्याच्या बोटभर पिल्लाला पळवून त्याचा वेग मोजणारे संशोधक आणि आरोग्य केंद्रात गर्भवतीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेणारी परिचारिका यांना लाव्हराँ यांचे नाव कदाचित रोज आठवत नसेल. पण दोघेही तोच थेंब पाहत असतात, आणि आता त्यांना त्यात दोन जीव दिसतात. एक आईचा आणि एक तिच्या पोटातला.